सरकारच्या दाराला कुलूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलण्यासाठी दरवर्षी आपण बाहेरून कोणी जाणकार पाहुणे बोलावतो. यंदा कार्यवाहबाईंनी मलाच उभे केले. "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिथले काहीतरी सांगा," असे त्या म्हणाल्या. मी तिकडे दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा लेकीच्या बाळंतपणासाठी. त्यामुळे माझी अमेरिका म्हणजे बरीचशी स्वयंपाकघर, बाळाचे आंघोळीचे टब आणि खिडकीतून दिसणारे बर्फ. नायगारा मी पाहिलेला नाही. पण दुसऱ्या खेपेला, २०१८ च्या डिसेंबरात मी तिथे असताना एक गोष्ट घडली, ती माझ्या फार लक्षात राहिली. त्या देशाचे सरकार पस्तीस दिवस बंद होते.

आपल्याकडे 'बंद' म्हटला की दुकानांच्या फळ्या पडतात, बसगाड्या आगारात उभ्या राहतात, पण सरकारी कचेऱ्या उघड्या असतात. तिथे सगळे उलटे. दुकाने उघडी, सिनेमे चालू, रस्त्यावर मोटारींचा पूर, आणि सरकार तेवढे बंद. पूर नाही, भूकंप नाही, लढाई नाही. मला प्रथम वाटले संप असेल. लेकीला विचारले, "यांची मागणी काय आहे? पगारवाढ?" ती म्हणाली, "आई, नोकरांनी काही केलेले नाही. वरच्यांचे आपसात जमत नाही, म्हणून नोकरांना घरी बसवले आहे."

आमच्या ह्यांची उभी नोकरी गिरणीत गेली. संप आणि टाळेबंदी यांतला फरक आमच्या घरात मुलांना पाढ्यांबरोबर समजला. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक करतो. मग ही टाळेबंदीच म्हणायची. पण हिचा मालक कोण? लोकशाहीत मालक जनता असे आपण शाळेत शिकलो, आणि तिने तर कुणाला कुलूप लावायला सांगितले नव्हते. हे कोडे मी त्या महिन्याभरात बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसून, आणि जावयांना पुन्हा पुन्हा विचारून, थोडेफार उलगडून घेतले. चुकले तर सांभाळून घ्या.

अमेरिकेच्या घटनेत असे आहे की, कायदेमंडळाने कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता यायचा नाही. तिकडच्या कायदेमंडळाला काँग्रेस म्हणतात. आपल्या काँग्रेस पक्षाशी त्याचा काही संबंध नाही, माझाही सुरुवातीला घोटाळा झाला. तिची दोन सभागृहे, प्रतिनिधिगृह आणि सिनेट. सरकारचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची बारा विधेयके दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन त्यांवर राष्ट्राध्यक्षांची सही व्हावी लागते. सिनेटमध्ये सभासद शंभर, पण अशा कामाला नुसते बहुमत पुरत नाही, साठ मते जमवावी लागतात. म्हणजे विरोधकांतले काही जण तरी बरोबर घ्यावेच लागतात. एवढी कसरत वेळेवर जमत नाही. १९७७ च्या अंदाजपत्रकापासून पाहिले, तर सगळी विधेयके वेळेत मंजूर झाली अशी वर्षे अवघी चार! एरवी मागल्याच दराने काही आठवड्यांची तात्पुरती मंजुरी घेऊन वेळ मारून नेतात. आपण वाण्याला "या महिन्याचे पुढच्या महिन्यात धरा" म्हणतो ना, तशातलाच प्रकार. आणि एवढेही जमले नाही की दाराला कुलूप.

हे कुलूप त्या देशाइतके जुने मात्र नाही. मंजुरी लांबण्याचे प्रकार पूर्वीही होत. पण आज ना उद्या ती येणारच, या भरवशावर कचेऱ्या चालू राहत. मंजूर नसलेला खर्च करू नये आणि कुणाकडून फुकट सेवाही घेऊ नये, असा १८८४ सालापासूनचा एक कायदा होता, पण तो इतक्या टोकाला कुणी नेला नव्हता. १९८० च्या एप्रिलमध्ये सरकारचे सर्वोच्च कायदेशीर सल्लागार, ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी, यांनी त्याचा काटेकोर अर्थ लावला : पैशाला मंजुरी नसेल तर काम थांबवा. पुढच्या वर्षाच्या आरंभी त्यांनीच खुलासा केला की जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची कामे चालू ठेवता येतील. कुलपाच्या धाकाने मंडळी वेळेवर मंजुरी देतील, असे तेव्हा वाटले असावे. झाले भलतेच. धाकासाठी टांगलेले कुलूप भांडणातले हत्यार होऊन बसले.

आता २०१८ चे भांडण. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सरहद्दीवर भिंत बांधण्यासाठी ५७० कोटी डॉलर हवे होते. विरोधी डेमोक्रॅटिक पक्ष ते द्यायला तयार नव्हता. ११ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी विरोधी पुढाऱ्यांना, नॅन्सी पेलोसी आणि चक शूमर यांना, आपल्या दालनात बोलावले आणि सगळ्या देशाच्या कॅमेऱ्यांसमोर सांगितले की सरहद्दीच्या रक्षणासाठी सरकार बंद करण्यात मला अभिमानच वाटेल. सिनेटने फेब्रुवारीपर्यंतची तात्पुरती मंजुरी एकमुखाने दिली होती, पण राष्ट्राध्यक्षांनी सही करायला नकार दिला. २२ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, कुलूप पडले. बारांपैकी पाच विधेयके आधीच मंजूर होती म्हणून सैन्य, आरोग्य अशी खाती वाचली. उरलेली नऊ खाती बंद पडली आणि सुमारे आठ लाख नोकरांचा पगार थांबला.

यातही दोन पंक्ती होत्या. कोणाचे काम अत्यावश्यक आणि कोणाचे नाही, अशी वाटणी झाली. ज्यांचे काम अत्यावश्यक नाही त्यांना बिनपगारी घरी बसवले. त्यांनी हौसेने कचेरीत जाऊन फायली हातावेगळ्या करतो म्हटले, तरी ते बेकायदेशीर. ज्यांचे काम अत्यावश्यक त्यांनी रोज कामावर यायचे, पूर्ण पाळी करायची, आणि पगार मात्र त्यांनाही नाही. अशांची संख्या चार लाखांवर होती. विमानतळावर सामान तपासणारे, विमानांना वाट दाखवणारे, तुरुंगाचे पहारेकरी, किनारारक्षक दल. बायांनो, आपल्याला हे ऐकून फार नवल वाटायला नको. घरात ज्या बाईचे काम सर्वांत अत्यावश्यक, तिला पगार कुठे असतो?

माझ्या लेकीचे घर मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन शहराला लागून. आपल्याकडे रेल्वेच्या गावात जसा घरटी एक रेल्वेचा माणूस, तसा तिथे घरटी एक सरकारी नोकर. शेजारच्या घरातली बाई अशीच एका सरकारी कचेरीत कारकुनी करणारी, चाळिशीची. नवरा एका सरकारी इमारतीत पहारेकरी, पण तो कंत्राटदाराकडून लागलेला. दोन मुले शाळेत जाणारी. बंद सुरू झाला तेव्हा ती हसत म्हणाली होती की नाताळची सुट्टी लांबली. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बाळाला घ्यायची. तिचे बोलणे मला अर्धे समजे, माझे शाळेतले इंग्रजी तिला पाव समजत असेल, पण बाळ मध्ये असले की बायकांचे अडत नाही.

त्या देशात सरकारी पगार दर पंधरवड्याला होतो. ११ जानेवारीला पहिला पगार चुकला. त्या संध्याकाळी तिने मोबाइलवर आपली पगाराची चिठ्ठी दाखवली. नाव, हुद्दा, कामाचे तास, कापून घ्यायच्या रकमा, सगळे छापलेले आणि खाली आकडा : शून्य. ती चिठ्ठी निघाली कशी, म्हणून मी जावयांना विचारले. ते म्हणाले, "हिशेब करणारी यंत्रे चालू आहेत, पैसे तेवढे बंद आहेत."

मी आपल्या रीतीप्रमाणे डबा भरून पाठवायला लागले. कधी उपमा, कधी भाजी-पोळी, तिखट अगदी बेताचे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे माझ्या लेकीने तिला मागेच कधीतरी सांगितले होते. ती ते पाळायची. डब्यातून कधी मक्याच्या पावाचा तुकडा यायचा, कधी दोन संत्री, कधी मुलांनी केलेली बिस्किटे. जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात एकदा ती डबा घेऊन आली, हातात दिला आणि काहीतरी पुटपुटली. मला कळले नाही. लेकीने सांगितले, "ती माफी मागते आहे. आज डब्यात घालायला काही नाही म्हणते." स्वतःचे घर, दाराशी मोटार, हीटर, धुलाईचे यंत्र असलेली बाई! मला वाटायचे तिथल्या लोकांकडे काय कमी असणार? पण घराचा हप्ता, मोटारीचा हप्ता, विम्याचा हप्ता असा सगळा संसार तिथे येणाऱ्या पगारावर आधीच वाटलेला असतो. आपल्या आईच्या वेळी डाळीच्या डब्याच्या तळाशी जशी चार नाणी असत, तशी तिथे फारशी कुणाच्या डब्यात नसतात.

वॉशिंग्टनमध्ये होसे आंद्रेस नावाच्या नामांकित बल्लवाचार्यांनी पगार थांबलेल्या सरकारी नोकरांसाठी मोफत जेवणाचे स्वयंपाकघर उघडले होते. ओळखपत्र दाखवायचे आणि गरम जेवण घ्यायचे. थंडीत सुटाबुटातली माणसे तिथे रांगेत उभी असलेली टीव्हीवर दिसत. त्याच दिवसांत व्यापारमंत्री विल्बर रॉस यांना कुणी विचारले की सरकारी नोकर अन्नछत्रात जात आहेत. त्यांनी सांगितले की ते तिथे का जातात हे मला नीटसे समजत नाही, त्यांना बँकेचे कर्ज मिळू शकेल. हे गृहस्थ स्वतः मोठे धनिक. शेजारणीने ते ऐकले आणि टीव्ही बंद केला. बोलली काही नाही.

तिकडे वरची मंडळी काय करत होती? ३ जानेवारीला प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांचे बहुमत आले आणि पेलोसीबाई सभापती झाल्या. भिंत म्हणजे अनीती आहे, असे त्यांनी जाहीर केले. मग तडजोड कशाची करायची? अनीती थोडीशी करू, असे तर कुणी म्हणत नाही. ९ तारखेच्या बैठकीतून राष्ट्राध्यक्ष "बाय बाय" म्हणून उठून गेले आणि ते त्यांनी स्वतःच सगळ्या जगाला कळवले. पेलोसीबाईंनी राष्ट्राध्यक्षांना पत्र पाठवले की काँग्रेससमोरचे तुमचे वार्षिक भाषण पुढे ढकला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी पेलोसीबाईंचे परदेश दौऱ्याचे लष्करी विमान रद्द केले. माझ्या माहेरी दोन काकूंची पाणी भरण्याच्या घागरीवरून अशीच वर्षभर जुंपली होती. एकीने दोर लपवला की दुसरी कळशी लपवायची, आणि तहानलेली असायची आम्ही पोरे. एवढेच की त्या काकूंना आपल्या तहानेचे पाणी तरी स्वतः भरावे लागे. काँग्रेसच्या सभासदांचा पगार अशा बंदात थांबत नाही. त्याची मंजुरी वर्षावर्षाच्या विधेयकांत नसते. काहींनी तो घेतला नाही, काहींनी दान केला, हेही खरे आहे.

२४ जानेवारीला सिनेटमध्ये दोन्ही बाजूंचे प्रस्ताव मतास आले. दोन्ही पडले, साठ मते कुणालाच नाहीत. आणि लगेच २५ तारखेला सगळे संपले. कसे संपले, ते मी मुद्दाम सांगते. त्या सकाळी विमानांना वाट दाखवणारे काही कर्मचारी कामावर आले नाहीत. पगाराची दुसरी तारीखही कोरडी गेली होती. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमाने काही वेळ रोखून धरावी लागली, इतर मोठ्या विमानतळांवरही खोळंबा झाला. त्याच दुपारी राष्ट्राध्यक्षांनी तीन आठवड्यांची मंजुरी मान्य केली, भिंतीच्या पैशाशिवाय. नुसत्या विमानांमुळे झाले असे मी म्हणणार नाही; त्यांच्या स्वतःच्या पक्षातही चुळबुळ सुरू झाली होती. पण आठ लाख घरांच्या चुली पस्तीस दिवस मंदावल्या त्याने जे झाले नाही, ते विमाने थांबल्यावर काही तासांत झाले. जे अडले की पुढाऱ्यांचा आणि पैसेवाल्यांचा दिवस अडतो, तेच अडावे लागले.

मिळाले काय? भांडणाआधी सिनेटमधल्या दोन्ही पक्षांनी मिळून १६० कोटी डॉलर आणि सुमारे पासष्ट मैलांचे कुंपण देऊ केले होते. भांडणानंतर, फेब्रुवारीत, मिळाले पन्नास लाख कमी १३८ कोटी म्हणा, असा घोळ नको. सरळ सांगते, १३७ कोटी ५० लाख डॉलर आणि पंचावन्न मैल. आधी मिळत होते त्याहून कमी! आणि काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कचेरीने हिशेब केला की या पस्तीस दिवसांत देशाचे ३०० कोटी डॉलरचे नुकसान झाले, जे कधीच भरून यायचे नाही. ते आकडे ऐकून मी हातातली लोकर खाली ठेवली.

बंद उठल्यावर सरकारी नोकरांना मागचा पगार मिळाला; तसा कायदाच त्या जानेवारीत झाला. शेजारणीचा पगार आला. तिच्या नवऱ्याचा आला नाही. कंत्राटाच्या पहारेकऱ्यांना, झाडूवाल्यांना, उपाहारगृहातल्या वाढप्यांना त्या कायद्यात जागा नव्हती. त्यांचे पस्तीस दिवस गेले ते गेलेच. सर्वांत कमी पगाराच्या माणसांनी या भांडणाची किंमत चुकती केली, आणि त्यांना भिंत हवी की नको हे कुणी विचारलेही नव्हते.

लोक चिडले नव्हते का? फार चिडले होते. पाहण्यांत बहुतेक लोक राष्ट्राध्यक्षांना जास्त दोष देत होते, पण रस्त्यावर कान दिला तर राग सगळ्यांवरच. लेकीच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ म्हणायचे, "या सगळ्यांना एका खोलीत कोंडा, आणि बाहेरून त्यांचेच कुलूप लावा." मग या रागाचे होते काय? आधीचे उदाहरण घ्या. २०१३ च्या ऑक्टोबरात, बराक ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्याला विरोध म्हणून रिपब्लिकनांनी सोळा दिवस असाच बंद पाडला. काही हाती लागले नाही. पुढच्याच महिन्यात गॅलप संस्थेने लोकांना विचारले, तर काँग्रेसच्या कामावर समाधानी असलेले शंभरात फक्त नऊ निघाले. तुम्हाला वाटेल, झाले, आता निवडणुकीत सगळ्यांचे पानिपत. पण २०१४ साली पुन्हा उभे राहिलेल्या प्रतिनिधींपैकी दहांत नवाहून अधिक निवडून आले, आणि सिनेटचे बहुमत त्याच रिपब्लिकनांकडे गेले. मतदारसंघ असे आखलेले असतात की पुष्कळ ठिकाणी एकाच पक्षाचा वरचष्मा. तिथल्या सभासदाला समोरच्या पक्षाची भीती नसते. आपल्याच पक्षातला कुणी अधिक कडवा उमेदवारीसाठी पुढे येईल याची भीती असते. त्यामुळे नमते घेण्याचे भय वाटते, ताणून धरण्याचे वाटत नाही. आणि लोकांचे म्हणावे तर, आपला प्रतिनिधी तेवढा चांगला, बाकीचे सगळे वाईट, असे जो तो म्हणतो. हे काही फक्त अमेरिकेतच म्हणतात असे नाही.

यात एकाच पक्षाला धरून ठोकावे असेही नाही. २०२५ साली पारडे फिरले. राष्ट्राध्यक्ष पुन्हा ट्रम्प, दोन्ही सभागृहे त्यांच्या पक्षाकडे, पण सिनेटमध्ये साठ मते नाहीत. या वेळी डेमोक्रॅटांनी मते रोखली. त्यांचे म्हणणे, आरोग्यविम्याच्या हप्त्याला मिळणारी सवलत वर्षअखेर संपते आहे, ती आधी वाढवा. मागणी मला स्वतःला रास्त वाटली. विमा महागला की काय होते हे लेकीच्या घरी पाहिले आहे. पण हत्यार तेच. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, त्रेचाळीस दिवस, तोवरचा सर्वांत लांब बंद. १ नोव्हेंबरला तर गरिबांची अन्नमदत अडकली. ती घेणारे त्या देशात तेव्हा सुमारे सव्वाचार कोटी लोक होते. सरकार म्हणे मते द्या म्हणजे धान्य सुटेल, विरोधक म्हणत पैसा शिल्लक आहे तो वापरा, आणि प्रकरण न्यायालयात. मग ७ नोव्हेंबरपासून चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करायला सुरुवात झाली. ९ तारखेला सिनेटमध्ये साठ मते जमली! विमानांचा हा योग मला तरी चुकवता येत नाही. विरोधकांना मिळाले ते सवलतीवर डिसेंबरात मतदान घेण्याचे वचन. मतदान झाले, प्रस्ताव पडला, सवलत वर्षअखेरीस संपली.

लेक फोनवर सांगत होती की त्या जुन्या शेजाऱ्यांनी आता घर बदलले आहे. बाईने सरकारी नोकरी सोडली.

इथे आपल्यापैकी कुणी म्हणेल, आपले बरे आहे. काही अंशी खरेच बरे आहे. आपल्या घटनेतही संसदेच्या मंजुरीवाचून पैसा काढता येत नाही, पण पैशाच्या विधेयकावर शेवटचा शब्द लोकसभेचा; राज्यसभा ते चौदा दिवसांहून अधिक अडवू शकत नाही. अंदाजपत्रक लांबले तर लेखानुदान घेता येते. आणि खर्चाच्या मागण्यांवर लोकसभेत हार झाली तर सरकारलाच जावे लागते. नोकराची खुर्ची जात नाही, मंत्र्याची जाते. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचे सरकार एका मताने पडले, २६९ विरुद्ध २७०. पाडणारे आणि पडलेले त्यानंतर काही दिवसांतच त्याच सभागृहात बसले आणि त्यांनी अंदाजपत्रक चर्चेवाचून मंजूर केले, कारण देशाचे पगार थांबवायचे नव्हते. हे आठवले की मला बरे वाटते. मात्र चर्चेवाचून मंजूर करण्याची आपल्याला पुढे फारच गोडी लागली; कोट्यवधींच्या मागण्या शेवटच्या दिवशी एका दमात मंजूर होतात. तिकडे अडवून धरतात, इकडे वाचतही नाहीत.

पण परदेशाच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यासाठी मी आज उभी राहिले नाही. त्या रिकाम्या डब्याने मला ज्याची आठवण झाली, ते सांगायचे आहे, आणि ते इथल्या काही जणींना ठाऊकही आहे.

२०१६ साली आपल्या मंडळात सभागृहाच्या पत्र्यांवरून दोन तट पडले होते. शिल्लक रकमेतून पत्रे बदलायचे की शिवणवर्गाला यंत्रे घ्यायची, हा वाद. मी खजिनदार होते आणि यंत्रांच्या बाजूची होते. धनादेशावर दोन सह्या लागतात, त्यातली एक माझी. "आधी निर्णय करा, तोवर मी कशावरही सही करणार नाही," असे मी भर सभेत सांगितले, आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. 'कशावरही' या शब्दात काय काय येते याचा मी विचार केला नाही. त्यात बालवाडीच्या मावशींचा पगार येत होता. दोन महिने तो निघाला नाही, आणि त्यातला एक दिवाळीचा होता. मावशी रोज वेळेवर येत होत्या, मुलांची नाके पुसत होत्या, सतरंज्या झटकत होत्या. त्यांनी ना पत्र्यांची बाजू घेतली ना यंत्रांची. दुसऱ्या एका घरच्या कामावर उचल घेऊन त्यांनी दिवाळी केली, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही त्यांच्याकडून नव्हे. पत्रे पुढे बदलले, यंत्रेही आली, दोन्हींना पैसे पुरले. मावशी आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. हे बोलण्याआधी मी त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "सांगा की, आता काय त्याचे." मी त्यांची क्षमा पूर्वी घरी जाऊन मागितली होती, ती आज सर्वांसमोर मागते.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने मी आजच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आणला आहे. बालवाडीच्या दोन्ही शिक्षिका, मावशी आणि सभागृहाची झाडलोट करणाऱ्या बाई, या चौघींचे वर्षाचे पगार वेगळ्या खात्यात आधीच बाजूला काढावेत, आणि दर महिन्याच्या १ तारखेला बँकेने ते परस्पर त्यांच्या खात्यांत जमा करावेत. त्यासाठी कोणाच्या सहीची गरज राहू नये; माझ्या नाही, अध्यक्षबाईंच्या नाही, आणि आपले एकमेकींशी कितीही बिनसले तरी. नामंजूर खर्च आपोआप मागल्या दराने चालू राहावा, अशी विधेयके अमेरिकेतही अनेकदा मांडली गेली आहेत. त्यांना विरोध करणारे म्हणतात, मग वेळेवर निर्णय घेण्याचा धाकच उरणार नाही. ही हरकत आपल्याही बैठकीत दोघींनी घेतली, आणि ती अगदी पोकळ आहे असे मी म्हणत नाही. त्यावर सभेत जरूर बोला. माझे म्हणणे एवढेच आहे की धाक घालायचा तर तो आपला आपल्याला घाला. उशीर झाला तर कार्यकारिणीच्या बैठकीचा चहा बंद ठेवा.

ठरावाची प्रत दाराजवळच्या टेबलावर आहे. अक्षर बारीक आले आहे, चष्मे बरोबर घ्या. हळदीकुंकू आणि खिरापत झाली की चार वाजता सभा सुरू होईल, आणि गणसंख्येला एकोणीस जणी लागतात, म्हणून कुणी मधेच उठून जाऊ नये.